आदर्श राज्यपद्धती: हरलेल्याच्या बाजूने पाहिली तर?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

आदर्श राज्यव्यवस्था कोणती असा वाद निघाला की दहा मिनिटांत तो 'राज्य कुणी करावं' या मुक्कामी पोचतो. शहाण्यांनी करावं, शिकलेल्यांनी करावं, लष्कराने करावं, सगळ्यांनी मिळून करावं. प्लेटोने तत्त्वज्ञ राजा सुचवला आणि सिराक्यूजच्या दुसऱ्या डायोनिसियसला तसा घडवायला स्वतः गेलाही. राजा काही घडला नाही, उलट प्लेटोलाच तिथून निघणं मुश्कील झालं. तेव्हापासून उमेदवार बदलत आलेत, प्रश्न तोच.

मी म्हणतो प्रश्नच उलटा धरू. समजा एका नव्या समाजाची घडी बसवायचं काम तुमच्याकडे आलं. नियम तुम्हीच लिहायचे. अट एकच: नियम लागू झाले की पहिल्याच फेरीत तुमची बाजू हरणार, आणि ज्यांची तुम्हाला सर्वात जास्त धास्ती वाटते तेच लोक सत्तेवर बसणार. आता लिहा नियम.

'सक्षम नेतृत्वाला मोकळे हात द्या' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर आपलाच माणूस असतो. वरची अट घातली की हात आपोआप आखडतो. पोलिसांनी कुणाला किती दिवस डांबून ठेवायचं, न्यायाधीश कुणी नेमायचे, सरकारी पैशाचा हिशेब कुणी तपासायचा, पुढची निवडणूक कधी आणि ती कुणी घ्यायची, हे सगळं अचानक फार बारकाईने लिहावंसं वाटतं.

हरलेल्याचं काय करायचं, याची दोन जुनी उत्तरं शेजारी ठेवून बघा. अथेन्समध्ये वर्षातून एकदा सभेला विचारत, यंदा कुणाला हद्दपार करायचंय का. सभा हो म्हणाली तर खापराच्या तुकड्यांवर नावं कोरून मतदान व्हायचं. किमान ६००० खापऱ्या पडाव्या लागत. ज्याचं नाव निघे त्याने दहा वर्षं शहराबाहेर राहायचं. पण त्याची जमीन, घर, नागरिकत्व शाबूत. अरिस्टायडीसला असंच घालवलं होतं आणि पर्शियन चालून आले तेव्हा मुदतीच्या आतच परत बोलावलं. दुसरं उत्तर रोमचं. इ.स.पू. ८२ मध्ये सत्ता हाती येताच सुल्लाने विरोधकांच्या याद्या जाहीर लावल्या. यादीतल्याला कुणीही मारावं, बक्षीस घ्यावं, मालमत्ता जप्त. ज्या गावात यादी लागते तिथे कुणी सुखासुखी हरायला तयार होईल का? मग तो हरण्यापेक्षा लढणंच पसंत करतो.

१८०१ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन ॲडम्स प्रतिस्पर्धी जेफरसनच्या शपथविधीला न थांबता पहाटेच राजधानी सोडून निघून गेले. रुसून गेले, पण गेले. फौज बोलावली नाही, निकाल अडवला नाही. माझ्या लेखी आदर्श राज्यव्यवस्थेची परीक्षा त्या पहाटेची आहे. शपथविधी कसाही होवो.

तर माझं किमान मागणं असं: हरलेल्याचा जीव, घर आणि तोंड शाबूत राहावं, त्याला परत यायची वाट असावी, आणि जिंकलेल्याला ती वाट बुजवता येऊ नये. एवढं जमलं की मग राजा, संसद, अध्यक्ष, चिठ्ठ्या, जे हवं ते घ्या. हाणा आता.

---

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. रांगेत पहिला.

---

सरळरेषा

धागा छान, पण पायाच मान्य नाही. राज्यव्यवस्था हरलेल्यांच्या समाधानासाठी नसते. पाणी, रस्ते, शाळा, सुरक्षितता यांसाठी असते. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण पाचही मुखं एकदम ओरडायला लागली की परमेश्वर पळून जातो.

ली क्वान यू १९५९ ते १९९० सिंगापूरचे पंतप्रधान होते. हाताशी नैसर्गिक साधनसंपत्ती जवळपास शून्य, बंदर तेवढं होतं. त्यांनी काय उभं केलं ते जगाने पाहिलंय. तिथे विरोधकांना किती वाव होता याचं गणित मांडत बसले असते तर आज आपण उदाहरण द्यायला त्यांचं नावही घेतलं नसतं. बेल्जियममध्ये २०१०-११ मध्ये ५४१ दिवस पूर्ण अधिकाराचं सरकारच बनेना. तिथे कोण हरलं, कोण जिंकलं? माझी आदर्श व्यवस्था म्हणजे एक कर्तबगार माणूस, पंचवीस वर्षं, आणि कामाचा हिशेब.

---

उलटतपासणी

सरळरेषा, 'आणि कामाचा हिशेब' हे तीन शब्द तुम्ही फार पटकन उरकलेत. हिशेब घेणार कोण?

आफ्रिकेतल्या काँगोत मोबुटू १९६५ ते १९९७ सत्तेवर होते. लींपेक्षाही थोडे जास्तच. तांबं, कोबाल्ट, हिरे, नैसर्गिक संपत्तीला तोटा नाही. देश धुऊन निघाला. सुरुवातीला दोघांचेही समर्थक 'कर्तबगार माणूस, मोकळे हात' हेच म्हणत होते. कोणता माणूस निघेल हे आधी कळायची सोय तुमच्या व्यवस्थेत कुठे आहे?

शिवाय सिंगापूरचं उदाहरण तुम्हाला वाटतं तितकं तुमच्या बाजूचं नाही. निवडणुका तिथे दरवेळी होत होत्या. मैदान विरोधकांसाठी सपाट नव्हतं हे खरंच, पण १९८१ च्या पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांची एक जागा गेलीच. व्यापाराचे खटले निकाली काढणारी न्यायालयं होती. पैसा खाल्ला तर मंत्र्याचीही चौकशी होत होती. म्हणजे हात बांधलेले होते, फक्त सगळे नव्हते.

दुसरा मुद्दा माहितीचा. एकट्याच्या हातात सगळं आलं की त्याला वाईट बातमी सांगायची कुणाची छाती होत नाही. चीनमध्ये १९५८ नंतर खालच्या अधिकाऱ्यांनी पिकाचे आकडे फुगवून वर धाडले. वरच्यांनी ते खरे धरून त्या प्रमाणात धान्य उचललं. गावात जे उरलं त्यावर माणसं जगू शकली नाहीत, काही कोटी मेली. सगळीकडे क्रूर माणसंच बसली होती असं नाही. 'साहेब, आकडा खोटा आहे' म्हणणाऱ्याची गत काय होते ते प्रत्येकाने पाहिलं होतं. चालत्या लोकशाहीत, जिथे वर्तमानपत्रं मोकळी आहेत तिथे, मोठा दुष्काळबळी पडत नाही असं अमर्त्य सेन सांगत आले ते याचसाठी. धागाकर्त्यांचा हरलेला माणूस वाईट बातमी आणतो. त्याला ती आणण्यात रस असतो!

---

सांजवेळ

अवांतर, पण चांगल्या राजाचा विषय निघालाच आहे म्हणून. भूतानच्या चौथ्या राजाने स्वतःहून लोकशाही आणायची ठरवली तेव्हा लोकच नको म्हणत होते. खऱ्या निवडणुकीआधी २००७ मध्ये सरावाची निवडणूक घेतली. चार काल्पनिक पक्ष: निळा, हिरवा, लाल, पिवळा. प्रत्येकाला एक-एक कार्यक्रम वाटून दिलेला. पिवळा दणदणीत जिंकला. पिवळा हा राजघराण्याचा रंग, आणि त्या पक्षाकडे परंपरा जपण्याचा कार्यक्रम! लोकांनी लोकशाहीची रंगीत तालीम राजाला मत देऊन साजरी केली.

तरी राजा मागे हटला नाही. २००८ च्या संविधानात राजाने ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावं असं कलमच आहे. सरळरेषांचा कर्तबगार माणूस मला एका अटीवर चालेल, त्याने जाण्याची तारीख स्वतःच लिहून ठेवावी.

---

सरळरेषा

@सांजवेळ, हे आवडलं. पण असा राजा होता म्हणूनच झालं ना? म्हणजे माणूसच महत्त्वाचा.

---

अबोली

माझा मुद्दा वेगळा आहे. राज्य करायला माणूस निवडतानाच आपण चुकतो. निवडणूक ज्यांना हवी असते तेच उभे राहतात आणि ज्यांच्याकडे पैसा, घराणं, वक्तृत्व असतं तेच निवडून येतात. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाका.

हसू नका. अथेन्समध्ये ५०० जणांचं मंडळ दरवर्षी चिठ्ठीने निवडलं जायचं, दहा कुळांतून पन्नास-पन्नास, आणि आयुष्यात दोनदाच बसता यायचं. न्यायपंच निवडायला त्यांच्याकडे दगडाची उभी शिळा असे, तिच्यात बारीक खाचांच्या रांगा. प्रत्येकाने आपल्या नावाची पट्टी आणायची, ती खाचेत बसवायची. कडेच्या नळीत वरून काळे-पांढरे ठोकळे मिसळून ओतत. खाली पांढरा आला तर ती अख्खी आडवी रांग आत, काळा आला तर अख्खी रांग घरी. सकाळी सकाळी सगळ्यांदेखत हे चालायचं. कुणाला लाच द्यायची तेच कळू नये, ही त्यातली मेख. सेनापती मात्र ते मतदानानेच निवडत. कुठे चिठ्ठी चालते आणि कुठे नाही एवढी अक्कल त्यांना होती.

आपल्याकडेही तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातला, सुमारे ९२० सालचा लेख आहे. तीस वाड्या. प्रत्येक वाडीतल्या पात्र माणसांची नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान मुलाकडून चिठ्ठी काढून घ्यायची. अपात्र कोण, तर आधी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही तो, आणि त्याचे नातेवाईकसुद्धा. मागच्या तीन वर्षांत समितीवर बसलेला पण बाद.

आत्ताचं उदाहरण आयर्लंडचं. गर्भपातबंदीच्या कलमाला हात लावायला राजकीय पक्ष घाबरत होते. २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक यादृच्छिक पद्धतीने निवडून, वर एक अध्यक्ष नेमून, महिनोन्‌महिने शनिवार-रविवार तज्ज्ञांना ऐकायला बसवले. त्यांनी शिफारस केली, २०१८ मध्ये जनमत घेतलं, ६६.४ टक्क्यांनी कलम गेलं.

आणि धागाकर्त्यांच्या कसोटीवर बघा: चिठ्ठीत कुणी हरतच नाही. नाव निघालं नाही याचा कुणाला अपमान वाटत नाही.

---

उलटतपासणी

अबोलीताई, उत्तरमेरूरच्या मडक्यात चिठ्ठी पडायला करपात्र जमीन आणि वेदांचं ज्ञान लागत होतं. अथेन्सच्या शिळेत स्त्रिया, गुलाम, परदेशी रहिवासी यांची पट्टी कधी बसलीच नाही. मडक्यात कुणाची नावं टाकायची हे ठरवताना जो हरला, तो चिठ्ठी निघायच्या आधीच हरलेला होता.

आणि आयर्लंडचाच पुढचा अंक: २०२४ मध्ये कुटुंब आणि घरातल्या देखभालीच्या कलमांवर दोन जनमतं झाली. विषय अशाच एका नागरिक सभेतून आले होते, शब्द मात्र सरकारने बदलले. दोन्ही प्रस्ताव दणकून आपटले. सभा शिफारस करते, लेखणी दुसऱ्याच्या हातात असते.

---

माजी बाबू

बरेच दिवस वाचत होतो, आज लिहितो. सरकारी नोकरीत हयात गेली. खातं सांगत नाही.

मंडळी, तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर भांडताय. राजा असो, संसद असो, चिठ्ठीने आलेले शंभर जण असोत, शेवटी कागद टेबलावर येतो. नवखा सदस्य आला की त्याला कामकाज 'समजावून' सांगणारे आम्हीच. चिठ्ठीने एका वर्षासाठी आलेला माणूस नियमांची भाषा शिकेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. तेवढ्या काळात खातं त्याच्याकडून काय वाट्टेल ते मंजूर करून घेईल. हे मी खात्रीने सांगतो, कारण निवडून आलेल्यांच्या बाबतीतही हेच होताना पाहिलंय.

नागरिकाला राज्यव्यवस्था भेटते ती खिडकीवर. त्याचा अर्ज नामंजूर होतो तेव्हा तोच तुमच्या धाग्यातला हरलेला माणूस. त्याला काय मिळतं ते सांगतो. एका काळी आमच्याकडे नुसता 'अर्ज अमान्य' असा शिक्का मारून कागद परत जायचा. का अमान्य, कुणी केला, काही नाही. माणूस खिडकीशी उभा राहून तो कागद उलटासुलटा करून बघायचा. पाठीमागे तरी काही लिहिलंय का म्हणून. मग एक दलाल पुढे यायचा. पुढे नियम बदलला. नामंजुरीचं कारण लेखी, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, आणि तळाशी एक ओळ: या निर्णयाविरुद्ध इतक्या दिवसांत अमुक अधिकाऱ्याकडे अपील करता येईल. शिक्का मारायला दोन सेकंद लागायचे, कारण लिहायला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत निम्मे अर्ज नामंजूर करण्यासारखे नाहीत हे लिहिणाऱ्यालाच कळायचं. दलालांनी या ओळीला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या कुठल्याच मंत्र्याला घातल्या नसतील.

स्वीडनने १७६६ मध्येच सरकारी कागद बघायचा हक्क कायद्याने दिला आणि १८०९ मध्ये नागरिकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याचं पद निर्माण केलं. तेव्हा तिथे सार्वत्रिक मतदान नव्हतं, राजा होता. राज्यकर्ता कोण हे ठरायच्या कितीतरी आधी कागद उघडा झाला होता. मला आदर्श राज्य विचाराल तर मी तळाच्या ओळीपासून सुरुवात करीन.

---

तिसरी घंटा

माजी बाबू, दंडवत. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

---

वाचनमात्र

माजी बाबूंना +१. इतके दिवस कुठे होता राव?

---

कूटप्रश्न

गणितवाला बोलतो. 'बहुमत' हा शब्द सगळेजण असा वापरताहेत जणू ती डोंगरासारखी तिथे असलेलीच वस्तू आहे.

तीन नागरिक घ्या, तीन कामं. पहिल्याला आधी पाणी, मग शाळा, मग रस्ता. दुसऱ्याला शाळा, रस्ता, पाणी. तिसऱ्याला रस्ता, पाणी, शाळा. पाणी विरुद्ध शाळा: पाणी २-१ ने जिंकतं. शाळा विरुद्ध रस्ता: शाळा २-१. मग पाणी रस्त्याला हरवणार असं वाटतं ना? रस्ताच पाण्याला २-१ ने हरवतो. फ्रेंच गणिती कोंडोर्सेने १७८५ मध्ये हे दाखवलं. म्हणजे लोकांना नक्की काय हवंय याला इथे उत्तरच नाही. जोड्या लावून मतदान घेतलं तर जे काम शेवटच्या फेरीत आणाल ते जिंकणार. त्यामुळे कार्यक्रमपत्रिका ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात. १९५१ मध्ये अर्थतज्ज्ञ ॲरोने याचं व्यापक प्रमेय मांडलं: तीन किंवा अधिक पर्याय असले की काही साध्या, वाजवी वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी पसंतीक्रमाची पद्धत अस्तित्वातच नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१, लागोपाठ दोनदा, जास्त मतं एका पक्षाला आणि जास्त जागा दुसऱ्याला. लोक वैतागले, १९९३ मध्ये जनमताने पद्धत बदलली, १९९६ पासून मतांच्या प्रमाणात जागा. उलट टोक हंगेरीत: २०१० मध्ये सुमारे ५३ टक्के मतांवर दोन तृतीयांशाहून जास्त जागा, आणि तेवढ्या बळावर पुढच्याच वर्षी नवं संविधान, एकट्या सत्ताधाऱ्यांच्या मतांनी. धागाकर्ते म्हणतात तसं 'वाट बुजवायची' तर बंड करावं लागत नाही, मतं मोजायचं सूत्र पुरतं.

अबोली, तुम्हाला एक भेट. व्हेनिसने १२६८ मध्ये आपला प्रमुख निवडायची पद्धत ठरवली: चिठ्ठीने ३०, त्यातून चिठ्ठीने ९. त्यांनी ४० निवडायचे. त्यातून चिठ्ठीने १२. त्यांनी २५ निवडायचे. चिठ्ठीने ९. त्यांनी ४५. चिठ्ठीने ११. त्यांनी ४१ निवडायचे, आणि त्या ४१ जणांनी किमान २५ मतांनी प्रमुख ठरवायचा. वेडेपणा वाटतो, पण कुठल्याही घराण्याला शेवटच्या ४१ मध्ये आपली माणसं आधीपासून पेरता येऊ नयेत यासाठीची ती तजवीज. १७९७ मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताकच बुडवलं तोवर ती चालली.

---

रानवारा

एवढी मोठी यंत्रं लागतात कारण समाज एवढे मोठे केलेत. लहान करा. जिथे माणूस माणसाला ओळखतो तिथे सभा भरवा, हात वर करून निर्णय घ्या, न जमलेलं तेवढं वर पाठवा. स्वित्झर्लंडच्या काही भागांत अजून मैदानात सभा भरते.

---

उलटतपासणी

रानवारा, त्याच मैदानात, आपेनझेल इनररोडनमध्ये, हात वर करून बायकांना मताधिकार नाकारत राहिले, १९९० पर्यंत! शेवटी संघराज्याच्या न्यायालयाने तो द्यायला लावला. सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे उघड हात वर करायची हिंमत कुणाची होते? बळी तो कान पिळी हे लहान गावात जास्त खरं. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाला घटक न मानता व्यक्तीला घटक मानण्याचं समर्थन केलं ते उगाच नाही. लहान समाजात हरलेल्याला दाद मागायला दुसरं दारच नसतं.

---

रानवारा

मान्य, वर एक दार हवं. पण तुमच्या मोठ्या राज्यात दारं शंभर आणि सगळ्यांना कुलूप, त्याचं काय? माजी बाबूंना विचारा.

---

सरळरेषा

आता माझी पाळी. धागाकर्ते, तुमच्या कसोटीचा शेवट कुठे होतो ते सांगतो. पोलंड.

तिथल्या संसदेत एकमताचा दंडक होता. १६५२ मध्ये अधिवेशनाची मुदत वाढवायला एका प्रतिनिधीने हरकत घेतली आणि अख्खं अधिवेशन फुकट गेलं. मग ती रीतच पडली. एकाने 'मला मान्य नाही' म्हटलं की सगळं रद्द. हरलेल्याला यापेक्षा जास्त मान कुणी दिला असेल? शेजारच्या राजांनी एकेक प्रतिनिधी विकत घ्यायला सुरुवात केली. ना सैन्य उभं राहिलं, ना कर वसूल झाला. १७७२ मध्ये पहिला लचका तोडला. १७९१ च्या संविधानाने नकाराधिकार काढून टाकला खरा, पण उशीर झाला होता. १७९३ आणि १७९५ मध्ये उरलेलाही देश वाटून घेतला. हरलेले, जिंकलेले, सगळेच नकाशावरून गेले. १२३ वर्षं.

---

तिसरी घंटा

सरळरेषा, धाग्यातली सर्वात वजनदार हरकत हीच. तरीही कसोटी सोडत नाही, धारदार करतो.

हरलेल्याला अडवायचा हक्क वेगळा, थांबवून धरायचा वेगळा, परत यायचा वेगळा. पोलंडने पहिला दिला. माझी मागणी दुसऱ्या-तिसऱ्याची. ब्रिटनच्या वरच्या सभागृहाला एके काळी विधेयक ठार मारता यायचं. १९११ च्या कायद्याने ते दोन वर्षं लांबवण्यापुरतं उरलं, १९४९ मध्ये एक वर्ष. लांबवा, आरडाओरडा करा, लोकांना जागं करा, पण शेवटी निर्णय होणार. स्वित्झर्लंडमध्ये संसदेने केलेला कायदा आवडला नाही तर १०० दिवसांत ५०,००० सह्या आणा, सगळ्या देशाचं मत घेतलं जातं. जर्मनीत चान्सलरला पाडायचं तर पुढचा कोण ते त्याच ठरावात लिहावं लागतं. १९८२ मध्ये श्मिट गेले आणि कोल आले ते असे, एकाच मतदानात. नुसतं पाडणाऱ्यांची मोट बांधून देश अधांतरी ठेवायची सोय नाही. हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकात, वायमार काळात, त्यांनी त्याचे भोग भोगले होते.

---

पायवाट

पहिल्यांदाच लिहितेय या विषयावर. सगळी चर्चा वाचली. सगळ्यांनी एक गृहीत धरलंय, की आज हरलेला उद्या जिंकू शकतो. काही जण कधीच जिंकत नाहीत. भाषा वेगळी, धर्म वेगळा, जात खालची, संख्या कमी. तुमची निवडणूक दर पाच वर्षांनी येते आणि ते दर पाच वर्षांनी हरतात. 'परत यायची वाट' त्यांच्यासाठी कुठे जाते?

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी हेच बजावलं होतं: राजकारणात एक माणूस एक मत, आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, हा अंतर्विरोध फार काळ टिकवला तर ज्यांना विषमतेचा जाच होतो तेच ही लोकशाही उधळून लावतील. मतपेटीत हरणं एक वेळ सोसता येतं. रोज सकाळी उठून हरणं वेगळं.

यावर वाटणीचा उपायही धड नाही. लेबनॉनमध्ये पंथांनुसार पदं वाटली, ती १९३२ च्या जनगणनेच्या जोरावर, आणि त्यानंतर अधिकृत जनगणनाच केली नाही. केली तर वाटणी मोडेल ना! उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारानुसार ब्रिटनबरोबर राहू पाहणारे आणि आयर्लंडला जोडू पाहणारे, अशा दोन्ही समाजांचे दोन प्रमुख, एक गेला की दुसऱ्याचंही पद जातं. रक्तपात थांबला, ही लहान गोष्ट नाही. पण २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ सरकारच नव्हतं. शिवाय जो या दोन्हींतला नाही, त्याने कुठे बसायचं?

माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणते की काही गोष्टी मतदानाला टाकायच्याच नाहीत. कुणी कुणाच्या विहिरीवर पाणी भरावं, कुणी शाळेत कुठे बसावं, यावर बहुमत काय म्हणतं हे विचारण्याचाच हक्क कुणाला नसावा.

---

अबोली

पायवाट, हे दोनदा वाचलं. चिठ्ठीत संख्येने लहान गटाचंही नाव प्रमाणात निघतंच, पण खोलीत बसल्यावर तो तिथेही अल्पमतात असतोच, हे मला सुचलं नव्हतं.

---

वाचनमात्र

सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करा की. ना जात, ना पंथ, ना नातेवाईक.

---

माजी बाबू

आणि तिने अर्ज नामंजूर केला तर तळाच्या ओळीत कुणाचं पद लिहू?

---

उलटतपासणी

एक कच्चा दुवा अजून राहिलाय: संकट. रोमने सर्वाधिकारी नेमायची सोय ठेवली होती, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये ती तहहयात करून घेतली. वायमार संविधानाच्या ४८ व्या कलमात अध्यक्षाला आणीबाणीचे अधिकार होते. ते इतके वापरले की हिटलर येईपर्यंत वटहुकमांनी राज्य चालण्याची लोकांना सवय झाली होती. आपण वर जे जे लिहिलंय, सह्या, अपील, लांबवणं, ते सगळं एका रात्रीत 'परिस्थिती गंभीर आहे' म्हणून गुंडाळता येतं.

मला पटलेलं कलम दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानातलं. आणीबाणी सुरुवातीला २१ दिवस. वाढवायची तर संसदेने वाढवायची, एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. पहिली वाढ साध्या बहुमताने. त्यानंतरच्या प्रत्येक वाढीला ६० टक्के सदस्यांचा पाठिंबा. म्हणजे संकट जितकं लांबवाल तितका हरलेल्यांचा होकार जास्त लागणार. धागाकर्त्यांची कसोटी कुणी कलमात उतरवली असेल तर ती इथे.

---

सरळरेषा

हे कलम मलाही चालेल, लिहून घ्या. पण ६० वर का थांबले? ज्याच्याकडे आधीच ६२ टक्के जागा आहेत त्याला ही अट अडवणारच नाही, आणि कूटप्रश्न वर म्हणाले तसं ५३ टक्के मतांत दोन तृतीयांश मिळतात. दर वाढीला टक्का चढता ठेवा: ६०, मग ७०, मग ८०.

---

कूटप्रश्न

८० वर गेलात की तुमचंच पोलंड सुरू होतं, सरळरेषा. खरंच युद्ध चालू असताना २१ टक्के लोक विकत घ्यायला शेजारी किती मोजेल? मी ६७ च्या पुढे जाणार नाही. आणि टक्के जागांचे न मोजता त्या सदस्यांना पडलेल्या मतांचे मोजीन.

---

सरळरेषा

पडलेल्या मतांचे चालेल. ६७ वर भांडू. उद्या रात्री येतो.